पंचगंगेला ‘द’ लागतो, रंकाळ्याला नाही!

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत माझी भाची सकाळी सातला जाऊन बसते ती रात्री आठपर्यंत. स्टाफ सिलेक्शन, बँक, एमपीएससी, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरलेला. एका रविवारी जेवताना म्हणाली, “मामा, गणितात अडत नाही मी, रीझनिंग तर नुसतं पळतंय. हे इंग्रजीचं वाक्य आलं की मात्र कुठं चुकायलोय तेच कळंना झालंय.”

तिची सरावाची वही मागवून घेतली. उघडल्या उघडल्या हे वाक्य दिसलं: ‘शी हॅज बीन लिव्हिंग / इन कोल्हापूर / सिन्स थ्री इयर्स / नो एरर.’ पेन्सिलीची खूण ‘नो एरर’वर. खाली लाल शाईत फुली. चूक तिसऱ्या तुकड्यात होती. ‘सिन्स’ नको, ‘फॉर’ हवं.

तिला ते का दिसलं नाही? कारण मनातल्या मनात तिने वाक्य मराठीत वाचलं, ‘ती तीन वर्षांपासून कोल्हापुरात राहते’, आणि मराठीत ते अगदी चोख आहे. आपला ‘पासून’ दोन्ही कामं करतो. ‘सोमवारपासून’ म्हणा, ‘तीन वर्षांपासून’ म्हणा, त्याची कशालाच ना नाही. इंग्रजीने मात्र कामाची वाटणी केली आहे. जिथून सुरुवात झाली तो क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ लोटला ते सांगायचं तर ‘फॉर’.

आता गंमत बघा. फसवलं ‘पासून’ने, पण सोडवणारा शब्दही मराठीतच आहे. ‘पासून’ काढा आणि तिथे ‘झाले’ बसवून पाहा. ‘तीन वर्षं झाली, ती कोल्हापुरात राहते.’ बसलं? मग ‘फॉर’. ‘सोमवार झाला, ती आजारी आहे.’ नाही बसत? मग ‘सिन्स’. ‘दोन तास झाले’ चालतं, ‘2019 झालं’ चालत नाही. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून वीस वाक्यं या एका शब्दावर घासून पाहिली. एकही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वहीला तिसरा रकाना पाडला. पहिल्यात चुकलेलं वाक्य, दुसऱ्यात बरोबर वाक्य, आणि तिसऱ्याचं शीर्षक ‘मराठीत मी काय म्हणालो?’ हा लेख त्या तिसऱ्या रकान्यातून निघाला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना ‘तुमची मराठी आडवी येते’ हे इतक्या वेळा ऐकवलं जातं की त्यांना ते खरंच वाटायला लागतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. ती आडवी येते तितकीच उपयोगी पडते. कुठे काय करते एवढं ओळखता आलं पाहिजे.

देवनागरीत लिहा, ‘अ’ की ‘ॲन’ ते आपोआप कळेल

हा माझा सगळ्यात आवडता शोध. ‘अ’ आणि ‘ॲन’चा नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे. रोमन लिपीत शब्द बघणारा माणूस पहिलं अक्षर स्वर दिसलं की ‘ॲन’ लावून मोकळा होतो आणि फसतो. आपण तो शब्द देवनागरीत लिहायचा. पहिलं अक्षर स्वर निघालं तर ‘ॲन’, व्यंजन निघालं तर ‘अ’. संपलं!

‘युनिव्हर्सिटी’ लिहा. पहिलं अक्षर य. म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘अवर’ लिहा, तासाला म्हणतात तो. पहिलं अक्षर अ. म्हणून ‘ॲन अवर’, मग रोमन स्पेलिंग काहीही असो. ‘ऑनेस्ट’ला ‘ॲन’, ‘हिस्टॉरिकल’ला ‘अ’. एक रुपयाची नोट म्हणजे ‘वन-रुपी नोट’, सुरुवात व, म्हणून ‘अ’. परीक्षेत हमखास विचारतात ती संक्षिप्त नावंही याच चाळणीतून जातात: ‘ॲन एमपीएससी एक्झाम’ पण ‘अ यूपीएससी एक्झाम’, ‘ॲन एमए’ पण ‘अ बीए’, ‘ॲन एफआयआर’ पण ‘अ यूपीआय पेमेंट’. आपली लिपी उच्चाराबरहुकूम चालते, म्हणून हे जमतं. ही शिदोरी आपल्याला पहिलीतच मिळालेली आहे.

गावाचा नकाशा आणि ‘द’

मराठीत आर्टिकल हा प्रकारच नाही. त्यामुळे ‘द’ कुठे घालावा हे कान सांगत नाही. पाठ करण्यापेक्षा कोल्हापूर डोळ्यांसमोर आणा.

पंचगंगेला ‘द’ लागतो, कारण नद्यांना लागतो. रंकाळ्याला लागत नाही, कारण तलावांच्या नावांना लागत नाही. पश्चिम घाटाची सबंध रांग म्हणाल तर ‘द वेस्टर्न घाट्स’. एकटा पन्हाळा म्हणाल तर नुसता ‘पन्हाळा’. मुंबईला जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस ‘द’ घेऊन सुटते, कारण गाड्यांच्या नावांना तो लागतो. महाद्वार रोड मात्र बिनआर्टिकलचा. आणि हे बघा: ‘शिवाजी युनिव्हर्सिटी’ला ‘द’ नाही, पण ‘द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’ला आहे. विद्यापीठाच्या नावात ‘ऑफ’ आला की ‘द’ही हजर.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना 18 नोव्हेंबर 1962 ची. ते वर्ष लक्षात ठेवताना नावाआधी आर्टिकल नाही हेही लक्षात ठेवा.

चुकीची वाक्यं छापायची कल्पना कोणाची?

न्यूकॅसलच्या एका बाईंची! ॲन फिशर त्यांचं नाव. 1745 च्या सुमारास त्यांनी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि त्यात मुद्दाम अशुद्ध वाक्यं देऊन मुलांना ती दुरुस्त करायला लावली. आज आपण ‘एरर स्पॉटिंग’ म्हणतो त्या प्रश्नाची आजी म्हणावी ती हीच. पुढे लिंडली मरे या अमेरिकेतून इंग्लंडात येऊन राहिलेल्या वकिलाने 1795 मध्ये व्याकरण आणि 1797 मध्ये स्वाध्यायांचं पुस्तक काढलं, आणि अशुद्ध वाक्यांचा हा सराव शाळाशाळांत पोचला.

ॲन फिशर यांच्याच पुस्तकात दुसराही एक नियम आहे: माणूस पुरुष की स्त्री हे माहीत नसेल तर पुल्लिंगी सर्वनाम वापरावं. त्या नियमाची झळ आजही बसते. ‘एव्हरीवन शुड ब्रिंग हिज बुक’ की ‘देअर बुक’? 2019 मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाने एकवचनी ‘दे’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आपल्याकडच्या सरावाच्या बऱ्याच पुस्तकांत अजून ‘हिज’च बरोबर धरतात. म्हणून अशा वाक्यात आधी दुसरी एखादी ठळक चूक आहे का ते शोधावं. ती नसेल तरच ‘देअर’वर बोट ठेवावं.

मराठीत हा पेचच नाही. ‘प्रत्येकाने आपापलं पुस्तक आणावं.’ आपापलं! ना मुलगा, ना मुलगी, ज्याचं त्याचं. एवढ्या वर्षांत इंग्रजीला न गवसलेला शब्द आपल्या तोंडी रोज असतो.

‘रेन अँड मार्टिन’मधला रेन कोण?

घराघरात असलेलं ते जाडजूड व्याकरण. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे त्यांनी ‘ब्यू जेस्ट’ ही फ्रेंच फॉरेन लीजनवरची साहसकथा लिहिली, 1924 मध्ये, आणि तिच्यावर हॉलिवूडने सिनेमे काढले. क्रियापदाचे काळ समजावणारा माणूस आणि वाळवंटातल्या लढाया रंगवणारा माणूस एकच.

गुळाचे रवे आणि लाकडी फर्निचर

आता मराठी कुठे साक्ष देते ते पाहू. इथे कोल्हापूरकराला विशेष फायदा आहे.

‘फर्निचर्स’, ‘ॲडव्हाइसेस’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘सीनरीज’ या चुका दर पेपरात असतात. या नामांचं अनेकवचन होत नाही, मोजायची तर मध्ये ‘पीस’ घालावा लागतो. हे समजायला शाहू मार्केट यार्डात जा. ‘दोन गूळ द्या’ असं कोणी म्हणतं का? दोन रवे म्हणतो. गूळ मोजत नाहीत, रवे मोजतात. तसंच फर्निचर मोजत नाहीत, ‘पीसेस ऑफ फर्निचर’ मोजतात. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच गुळाने हा व्याकरणाचा धडाही शिकवून ठेवला आहे.

चपलेचंही तसंच. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. परीक्षेतलं वाक्य असं: ‘अ पेअर ऑफ कोल्हापुरी चप्पल्स आर लाइंग देअर.’ चूक कुठे? ‘चपलांचा जोड पडलाय’ म्हणता ना? ‘पडलेत’ नाही म्हणत. जोड एक, म्हणून ‘इज’.

‘वन ऑफ द बॉइज आर…’ वाचताना अडखळलात तर ‘मुलांपैकी एक आला’ म्हणा. ‘मुलांपैकी एक आले’ कोणाच्या तोंडून येणारच नाही. ‘ईच’ आणि ‘एव्हरी’चं तेच: ‘प्रत्येक मुलगा आला’, एकवचन. पोलिसांचं तेच, फक्त उलट्या बाजूने: ‘पोलीस आले’, म्हणून ‘द पोलीस हॅव कम’.

सगळ्यात जास्त मार्क खाणारा प्रकार म्हणजे कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये घुसलेला तुकडा. ‘द पिऊन, अलाँग विथ द स्टुडंट्स, हॅव गॉन टू पन्हाळा.’ क्रियापदाच्या शेजारी ‘स्टुडंट्स’ दिसतात आणि ‘हॅव’ बरोबर वाटतं. मराठीत आणा: ‘मुलांसकट शिपाई पन्हाळ्याला गेला.’ मुलं पन्नास असोत, ‘सकट’च्या मागे गेली की त्यांचा क्रियापदाशी संबंध तुटला. ‘अलाँग विथ’, ‘ॲज वेल ॲज’, ‘टुगेदर विथ’ या तिघांना ‘सकट’ म्हणून वाचा. आमच्या वहीत आम्ही त्या तुकड्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारतो. रेघ मारली की उरतं ‘द पिऊन… हॅव गॉन’, आणि चूक उघडी पडते.

मी इथे मुद्दाम शिपाई घेतला, हेडमास्तर नाही. कारण आपण ‘हेडमास्तर गेले’ म्हणतो. आदरार्थी बहुवचन! ‘आमचे सर आलेत’ याचं ‘आवर सर हॅव कम’ होतं ते याच आदरापोटी. इंग्रजीत सर कितीही मोठे असले तरी त्यांना ‘हॅज’च.

आणखी दोन सुंदर साक्षी. ‘नो सूनर’ आला की पुढे ‘दॅन’च हवा, ‘व्हेन’ नाही. आपण म्हणतो, ‘मी स्टँडवर पोचतो न पोचतो तोच गाडी सुटली.’ तिथे ‘तोच’ सोडून दुसरं काही बसतं का? ‘न पोचतो’ची जोडी ‘तोच’शी, ‘नो सूनर’ची ‘दॅन’शी. दुसरी: ‘इफ इट विल रेन’ चूक. कारण आपणही ‘पाऊस पडला तर’ म्हणतो. पाऊस उद्याचा, तरी भविष्यकाळाचं रूप नाही. दोन्ही भाषा इथे एका बाजूला आहेत.

आणि जिथे मराठीचं ऐकू नये

कात्री एक, चष्मा एक, पँट एक. इंग्रजीत तिन्ही अनेकवचनी. याच्या उलट केस पुष्कळ, गहू पुष्कळ (‘गहू महाग झाले’), पैसे पुष्कळ. इंग्रजीत हेअर, व्हीट, मनी तिन्ही एकवचनी. ‘बातम्या आल्या’, पण ‘न्यूज हॅज कम’. ही पाच-सात नावं सरळ पाठ करावीत, इथे युक्ती चालत नाही.

‘पेक्षा’ हा दुसरा धोका. आपल्या एकाच ‘पेक्षा’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. सगळीकडे ‘दॅन’ चालतं, पण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांना ‘टू’ लागतं. हे शब्द लॅटिनमधून तुलनेचा प्रत्यय बरोबर घेऊनच आले आहेत. म्हणून त्यांना ‘टू’. ‘प्रिफर’लाही ‘टू’च: चहापेक्षा कॉफी म्हणायचं तर ‘कॉफी टू टी’.

‘-विषयी चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ होतं. ‘अबाउट’ काढून टाका. ‘परत’च्या सवयीने ‘रिटर्न बॅक’ होतं, ‘बॅक’ काढा. आणि आपला लाडका ‘च’! ‘कालच आलो’चं ‘आय केम यस्टरडे ओन्ली’. ‘च’ कुठेही चिकटतो आणि नुसता जोर देतो. ‘ओन्ली’ अर्थच बदलतो.

‘माझा एक मित्र’ यातून ‘वन ऑफ माय फ्रेंड’ निघतं. मनात ‘माझ्या मित्रांपैकी एक’ म्हटलं की ‘फ्रेंड्स’ आपोआप येतं.

खास कोल्हापुरी धोका वेगळा आहे. आमच्याकडे ‘काय करायलाईस?’ ‘अभ्यास करायलोय’ असं चालू क्रियेचं रूप बोलण्यात सारखं असतं. ‘मला समजायलंय’, ‘मला दिसायलंय’ हेही सर्रास. त्यातून ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम सीइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ येतात. समजणं, दिसणं, माहीत असणं, जवळ असणं यांना इंग्रजीत ‘आयएनजी’ लावत नाहीत.

पण कोल्हापुरीचं देणंही मोठं आहे. आमच्या मुली ‘मी आलो, मी जेवलो, मी चुकलो’ म्हणतात. पुण्यामुंबईच्या लोकांना त्याचं नवल वाटतं. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतंच. ‘आय केम’ म्हणणारा मुलगा की मुलगी, क्रियापद सांगत नाही. कोल्हापूरची पोरगी ‘मी आलो’ म्हणते तेव्हा तिचंही क्रियापद ते सांगत नाही.

याच गावात इंग्रजी शिकलेले दोघे

न्यायमूर्ती रानड्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं, मराठी आणि इंग्रजीचे पहिले धडे त्यांनी इथे गिरवले. गोपाळ कृष्ण गोखले कागल आणि कोल्हापुरात शिकले, 1881 मध्ये मॅट्रिक झाले आणि काही काळ राजाराम कॉलेजात होते. कॉलेज त्या वेळी नवंकोरं होतं, 1880 मध्ये सुरू झालेलं. 1884 मध्ये गोखले मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून बीए झाले, पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाले, आणि मग मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी इंग्रजीत केलेली भाषणं सरकारला कान देऊन ऐकावी लागली. कोकणातल्या कोतळूकचा मुलगा, घरची गरिबी, शिक्षण कोल्हापूरचं.

याच राजाराम कॉलेजात माधव जूलियन शिकवत होते. फारसी शिकवणाऱ्या आणि फारसी-मराठी कोश करणाऱ्या या कवीने ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक लिहिलं. शुद्ध-अशुद्धाची चर्चा या गावाला नवी नाही.

परीक्षा घेणारेच चुकले तर?

2002 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत शाळकरी मुलांची पीएसएटी परीक्षा झाली. त्यात टोनी मॉरिसन या लेखिकेवर एक वाक्य होतं. ‘टोनी मॉरिसनची प्रतिभा तिला अशा कादंबऱ्या लिहू देते…’ अशा घडणीचं. अधिकृत उत्तर होतं ‘नो एरर’. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली: ‘टोनी मॉरिसन्स’ हे षष्ठीतलं रूप आहे, प्रतिभेचं विशेषण. मग ‘हर’ हे सर्वनाम कोणाला उद्देशून? लेखिकेचं नाव तर वाक्यात नाम म्हणून आलेलंच नाही. पत्रापत्री महिनोन् महिने चालली. अखेर 2003 मध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेने तो प्रश्न गुणांतून वगळला आणि गुण पुन्हा मोजले. व्याकरणाचे अनेक जाणकार आजही म्हणतात की वाक्य बरोबरच होतं.

मला यात त्या शिक्षकाची चिकाटी मोठी वाटते. आपल्याकडेही उत्तरतालिका जाहीर झाली की हरकती मागवतात. पटलं नाही तर नियम दाखवून हरकत घ्यावी. तो उमेदवाराचा हक्क आहे.

उणे गुणांमागचं गणित

‘माहीत नसेल तर सोडून दे’ हा सल्ला सगळे देतात. जरा हिशेब करू. सैन्यातल्या अधिकारी भरतीच्या सीडीएस परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात 120 प्रश्न, दोन तास, चार पर्याय, चुकलं की एकतृतीयांश गुण वजा. डोळे झाकून चार प्रश्न सोडवले तर सरासरी एक बरोबर येणार, तीन चुकणार: एक मिळाला, एक गेला. बेरीज शून्य. बँकेच्या पेपरात पाच पर्याय आणि वजा पाव गुण. पाच अंदाजांत एक बरोबर, चार चूक: एक मिळाला, एक गेला. पुन्हा शून्य! या दोन्ही पेपरांत उणे गुणांचा हिशेब बरोबर जुळतो.

पण एक पर्याय खात्रीने खोडता आला की पारडं तुमच्याकडे झुकतं. सीडीएसमध्ये तीन उरलेल्या पर्यायांतून तीन प्रश्नांचा अंदाज केला तर एक मिळतो आणि दोनतृतीयांश जातात. म्हणजे फायदा. आणि स्टाफ सिलेक्शनच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेची पहिली पायरी बघा: प्रश्नाला दोन गुण, चुकलं तर अर्धा वजा, पर्याय चार. चार आंधळ्या अंदाजांत दोन मिळाले, दीड गेला. तिथे कोरं सोडणं म्हणजे पदरचं घालवणं. दुसऱ्या पायरीत मात्र तीन गुण आणि वजा एक, म्हणजे पुन्हा शून्यावर.

वेळेचा हिशेब त्याहून कडक. सीजीएलच्या पहिल्या पायरीत 60 मिनिटांत 100 प्रश्न, प्रश्नामागे 36 सेकंद. आयबीपीएस पीओच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत, प्रश्नामागे 40 सेकंद. म्हणून वाक्य पाच वेळा वाचत बसू नये. आधी क्रियापद गाठा, मग त्याचा कर्ता, मधलं सगळं खोडा. मग काळ, मग अव्यय, मग आर्टिकल. आमच्या भाचीचा क्रम हाच.

मुंगसाचं अनेकवचन

इंग्रजीला ‘मोंगूस’ हा शब्द आपल्या ‘मुंगूस’ने दिला. ‘गूस’चं ‘गीझ’ होतं म्हणून ‘मोंगीझ’ लिहाल तर मार्क गेला. त्याचा हंसाशी काही संबंध नाही, अनेकवचन ‘मोंगूसेस’. आणि ‘प्रीपोन’ हा आपल्या ऑफिसांत रुळलेला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात पोचला आहे, भारतीय इंग्रजी असा शिक्का घेऊन. तरी परीक्षेत ‘ॲडव्हान्स’ दिसलं तर तेच निवडा.

एका स्वल्पविरामाचे पन्नास लाख डॉलर

हे दुधाच्या गावाला सांगायलाच हवं. 1963 पासून गोकुळ संघाचं दूध गोळा करणाऱ्या जिल्ह्याला टँकर आणि ड्रायव्हर नवे नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट नावाची डेअरी आहे. तिच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइम मागितला. राज्याच्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. डेअरी म्हणाली, वितरण हे वेगळं काम आहे आणि ते यादीत आहे. ड्रायव्हर म्हणाले, यादीत फक्त पॅकिंग आहे, मग ते रवानगीसाठी असो की वितरणासाठी. आणि आम्ही पॅकिंग करत नाही. 2017 मध्ये अपील न्यायालयाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

आपल्या जुन्या मोडी कागदांत स्वल्पविराम शोधून सापडत नाही. मराठीत विरामचिन्हं रुळवली ती एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी यांनी. म्हणजे स्वल्पविरामाची आपली ओळख पावणेदोनशे वर्षांच्या आसपासची. विरामचिन्हांचे प्रश्न अवघड वाटले तर त्यात नवल नाही, पण सोडून देऊ नका.

जाता जाता दोन बदल

परदेशी एमबीएसाठी जीमॅट देणाऱ्यांना वर्षानुवर्षं धडकी भरवणारा ‘सेंटेन्स करेक्शन’ हा विभाग नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमधून काढून टाकला. जुनी पुस्तकं विकत घेताना हे लक्षात ठेवा, नाहीतर महिनाभर नको त्या प्रश्नांवर जाईल. दुसरा बदल जवळचा: एसएससीच्या एमटीएस परीक्षेची प्रश्नपत्रिका 2023 पासून मराठीतही मिळते. इंग्रजीचा विभाग मात्र इंग्रजीतच राहिला. त्याची तयारी चुकत नाही.

भाचीच्या वहीची आता साठ पानं भरली आहेत. ‘पासून’ पहिल्या चार पानांवर सात वेळा आहे, पाचव्या पानानंतर एकदाही नाही. तुमच्या घरात कोणी परीक्षेला बसत असेल तर नवं गाइड आणण्याआधी त्याला दोनशे पानी वही आणून द्या, पट्टी घेऊन तीन रकाने पाडा आणि तिसऱ्या रकान्यातलं पहिलं वाक्य त्याच्या शेजारी बसून लिहून घ्या.